पेरिस्कोपमधून दिसलेली विनाशिका

पाण्याखाली दडलेली पाणबुडी पाण्यावर बुडणाऱ्या जहाजाचा फोटो काढते तरी कशी? दुसऱ्या महायुद्धातलं एक गाजलेलं छायाचित्र पाहिलं की पहिला प्रश्न हाच पडतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: हे खरंच घडत असताना टिपलं आहे, की नंतर कुठे तरी रचलं आहे? छायाचित्र धुरकट आहे. एक जपानी विनाशिका एका अंगाला कलली आहे, समुद्र तिच्या डेकवर चढला आहे, एका तोफेच्या छपरावर उगवत्या सूर्याची खूण रंगवलेली दिसते आणि पांढऱ्या कपड्यांतल्या दोन माणसांच्या आकृती वर चढू पाहताना दिसतात. विनाशिकेचं नाव ‘यामाकाझे’, तारीख 25 जून 1942, जागा योकोहामाच्या आग्नेयेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा समुद्र. टॉर्पेडो सोडणारी आणि फोटो काढणारी एकच, अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. युद्धातलं असं छायाचित्र खरं असूनही स्वतःच्या बळावर फार थोडं सिद्ध करतं. जहाजाचं नाव, दिवस, मारणारा कोण, जहाज पुढे बुडलं की तगलं, यातलं काहीही ते आपणहून सांगत नाही. फौजदारी खटल्यात जप्त केलेला मुद्देमाल कितीही बोलका असला तरी पंचनाम्याशिवाय त्याला वजन येत नाही; कुठे, कधी, कोणासमोर, कोणत्या स्थितीत सापडला याची नोंद त्याच्यासोबत लागते. युद्धछायाचित्राचंही तसंच आहे. म्हणून आधी हा मुद्देमाल तयार कसा झाला ते पाहू आणि मग त्याचा पंचनामा तपासू.

१. एक नळी, एक डोळा

पेरिस्कोप म्हणजे दहा-बारा मीटर लांबीची उभी नळी. तिच्या वरच्या टोकाला एक लोलक समोरून आलेला प्रकाश खाली वळवतो, मधली भिंगं त्याला नळीभर वाहून नेतात आणि खालच्या टोकाचा लोलक तो पुन्हा आडवा करून कप्तानाच्या डोळ्यात सोडतो. शत्रूला दिसू नये म्हणून नळीचं वरचं टोक जाणूनबुजून बारीक ठेवलेलं असतं. बारीक टोकातून आत येणारा प्रकाश मुळातच कमी, त्यातला काही प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर वाया जातो. त्यावर समुद्राचे तुषार आणि पाण्यातून सरकणाऱ्या नळीची थरथर. फोटो धुरकट येतो तो यामुळे. धुरकटपणा हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. एवढ्या काचा ओलांडून आलेला फोटो काचेसारखा स्वच्छ असता तर शंका घ्यायला जागा होती.

अमेरिकी पेरिस्कोपमध्ये दोन मापं असत. एक दीडपट मोठं दाखवणारं, दुसरं सहापट. सहापट मापात डोळ्याला फक्त 8 अंशांचा पट्टा दिसतो. या एका आकड्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. 8 अंशांचा पट्टा 1000 मीटर अंतरावर सुमारे 140 मीटर रुंद असतो, 500 मीटरवर 70 मीटर. ‘यामाकाझे’ ज्या शिरात्सुयू वर्गातली होती त्या वर्गाच्या विनाशिका सुमारे 107 मीटर लांब. म्हणजे आडवी उभी असलेली अशी विनाशिका 1000 मीटरवरून चौकटीत जेमतेम मावते आणि 500 मीटरवरून मावतच नाही. मात्र हा हिशेब मूळ निगेटिव्हवरच करता येतो. छापताना कडा कापून चित्र मोठं केलं की अंतराची खूण गेली. आपण पुस्तकांत पाहतो त्या बहुतेक प्रती अशाच कापलेल्या असतात.

फोटो काढण्यातली खरी अडचण भिंगाची नव्हती, डोळ्याची होती. कॅमेरा लावायचा तर तो कप्तान ज्या काचेतून पाहतो तिथेच लावावा लागे. तेवढा वेळ कप्तान आंधळा. आसपास दुसरं जहाज वळलं आहे का, आकाशात विमान आलं आहे का, हे पाहायचं सोडून त्याने निगेटिव्हसाठी काही क्षण मोजायचे. त्या सगळ्या वेळात नळी पाण्याबाहेर आणि तिच्यामागे फेसाची रेघ. असा धोका कोणी हौसेने पत्करत नाही. तो पत्करला जात होता, कारण परतल्यावर ‘बुडवलं’ एवढं तोंडी सांगणं पुरेसं नाही, हे नौदलाला कळू लागलं होतं. पुढच्या वर्षी, 1943 च्या शरद ऋतूत, याच ‘नॉटिलस’ला तारावासह गिल्बर्ट बेटांच्या किनाऱ्याचे फोटो पेरिस्कोपमधून काढायला पाठवलं. नौदलाने दिलेले कॅमेरे नीट चालेनात. कामी आला तो उपकप्तान लिंच यांचा स्वतःचा प्रायमारफ्लेक्स, म्हणजे जर्मन बनावटीचा. जर्मनीशी युद्ध चालू असल्याने नवे मिळणं शक्य नव्हतं. अमेरिकी नौदलाने छायाचित्रणाच्या मासिकांत जाहिराती देऊन लोकांकडचे वापरलेले प्रायमारफ्लेक्स विकत घेतले.

२. पातळ पत्र्याचं जलद जहाज

विनाशिका एका टॉर्पेडोने इतकी मोडते का? ती वेगासाठी बांधलेली असते म्हणून. ‘यामाकाझे’चा वेग ताशी 34 सागरी मैल होता, आणि तो मिळवण्यासाठी वजन कमी ठेवलेलं. युद्धनौकेच्या पोटाला असतं तसं जाड कवच किंवा टॉर्पेडोचा मार झेलणारे पोकळ फुगवटे विनाशिकेला नसतात. त्या काळच्या अमेरिकी मार्क 14 टॉर्पेडोत सुमारे 230 किलो टीएनटी असे. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे स्फोटाचा जोर फारसा न ओसरता समोरच्या पत्र्यावर येतो. शिवाय स्फोटातून वायूचा प्रचंड बुडबुडा तयार होतो. तो जहाजाचा मधला भाग उचलतो, मग आकसतो, आणि आधार गेलेला तो भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो. लांब, अरुंद जहाजाचा कणा या उचल-आपटीत मोडतो.

तरीही मोडणं म्हणजे बुडणं नव्हे. मे 1942 मध्ये मार्टिनिक बेटाजवळ जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने अमेरिकी विनाशिका ‘ब्लेकली’ची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सुमारे 60 फूट उडवलं. ती स्वतःच्या बळावर बंदरात पोचली, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या गोदीत तिला ‘टेलर’ या निवृत्त भगिनीजहाजाची नाळ जोडण्यात आली. ब्रिटनच्या ‘जॅव्हेलिन’ने नोव्हेंबर 1940 मध्ये नाळ आणि पिछाडी दोन्ही गमावली, 353 फुटांपैकी 155 फूट जहाज तरंगत उरलं, आणि तेही दुरुस्त होऊन पुन्हा लढलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण मोडलेल्या विनाशिकेचा फोटो पाहून आपलं मन लगेच ‘बुडाली’ असा निकाल देतं.

३. तोफेच्या छपरावरचा सूर्य

आता छायाचित्राकडे जवळून पाहू. डावीकडे टरेट आहे, म्हणजे तोफेभोवतीची फिरती पोलादी कोठी. तिच्या छपरावर उगवत्या सूर्याची खूण आहे. आपल्याच विमानांनी वरून चुकून बॉम्ब टाकू नयेत, म्हणून जपानी जहाजांवर अशा खुणा रंगवत. म्हणजे ही खूण आकाशातून पाहणाऱ्यासाठी होती. मग ती समुद्राच्या पाण्यालगत असलेल्या भिंगाला दिसली कशी?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात बराच पुरावा दडलेला आहे. पेरिस्कोपचं टोक पाण्यावर जेमतेम मीटर-दोन मीटर असतं आणि तोफेचं छप्पर त्याहून कितीतरी उंच. जहाज सरळ उभं असेल तर इतक्या खालून सपाट छपराचा वरचा भाग दिसणं अशक्य. खूण दिसते याचा अर्थ जहाज भिंगाच्या दिशेने झुकलेलं आहे. किती झुकलं हेही काढता येतं. वर्तुळ तिरपं पाहिलं की लंबगोल दिसतं. जहाज 5 अंश कललं तर गोलाची उंची रुंदीच्या एक-दशांशाहूनही कमी भरेल, म्हणजे नुसती रंगाची रेघ. 30 अंश कललं तर उंची रुंदीच्या बरोबर निम्मी दिसेल. लाटांवर हेलकावणारं धडधाकट जहाजही अधूनमधून थोडं कलतं, हा आक्षेप इथे टिकत नाही. तेवढ्या हेलकाव्यात ती खूण ओळखू येण्याइतकी उघडी पडत नाही.

हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, तो यासाठी की तो कोणी मुद्दाम ठेवलेला नाही. रंग देणाऱ्या जपानी खलाशाने तो अमेरिकी कॅमेऱ्यासाठी दिला नव्हता, आणि फोटो काढणाऱ्यानेही छपराच्या कोनाचा विचार केला नसणार. दोन्ही बाजूंच्या नकळत राहिलेली खूणच सर्वांत विश्वासू असते. पण ती काय सांगते तेवढंच घ्यायचं. जहाज जपानी आहे आणि धोक्याच्या कोनात कललं आहे, एवढंच. ते ‘यामाकाझे’च आहे हे ती सांगत नाही. त्या वर्गाच्या दहा विनाशिका होत्या, एकमेकींसारख्या.

४. ‘वाहू’ की ‘नॉटिलस’?

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या या छायाचित्राखाली जी ओळ आली आहे, ती वाचून वाचक बुचकळ्यात पडतो. तीत म्हटलं आहे की हा फोटो ‘वाहू’ किंवा ‘नॉटिलस’ या पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून जून 1942 मध्ये घेतला. एवढं प्रसिद्ध चित्र, आणि ते कोणी काढलं हेच नक्की नाही? कोणी म्हणेल, जिथे फोटोखालची ओळच डळमळीत आहे तिथे फोटोवर तरी का विश्वास ठेवावा?

त्याचं उत्तर तारखांत आहे. ‘वाहू’ कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंड गोदीत 15 मे 1942 रोजी नौदलात दाखल झाली. नवी पाणबुडी दाखल झाली म्हणजे लगेच लढाईला जात नाही. खलाशांचा सराव, चाचण्या, दुरुस्त्या यांत महिने जातात. ‘वाहू’ पहिल्या युद्धगस्तीसाठी पर्ल हार्बरहून निघाली ती 23 ऑगस्ट 1942 रोजी. जूनमध्ये ती जपानच्या किनाऱ्याजवळ असणं शक्यच नव्हतं. ‘नॉटिलस’ मात्र 20 जूनच्या सुमारास होन्शू बेटाजवळ पोचली होती आणि 25 जूनला विनाशिका बुडवल्याची तिची नोंद आहे. जपानी बाजूला याच दिवशी, याच समुद्रात ‘यामाकाझे’ नाहीशी झाली. तेव्हा ओळीतली तारीख बरोबर धरली तर ओळीतलं पहिलं नाव गळून पडतं. याला फोटोचं भिंग लागत नाही, दोन पाणबुड्यांचं दिनदर्शिकेतलं स्थान तपासलं की पुरतं.

पण ‘वाहू’चं नाव तिथे आलं तरी कुठून? ही गल्लत कशी झाली असावी याबद्दल माझा एक तर्क आहे आणि तो पुढच्या घटनेवर उभा आहे.

५. मोडलेली, पण न बुडालेली

24 जानेवारी 1943 रोजी ‘वाहू’ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वेवाक बंदरात शिरली. कप्तान मॉर्टन यांच्याकडे त्या बंदराचा उपयोगी नकाशाच नव्हता. एका खलाशाने ऑस्ट्रेलियात विकत घेतलेला शाळकरी नकाशासंग्रह सापडला. कॅमेऱ्याच्या भिंगातून त्यातला तुकडा मोठा करून खलाशांनी कामचलाऊ नकाशा तयार केला. आत त्यांना एक जपानी विनाशिका भेटली. तिला चाहूल लागली, ती थेट पेरिस्कोपच्या रोखाने धावून आली, आणि ‘वाहू’ने समोरून येणाऱ्या त्या अरुंद लक्ष्यावर टॉर्पेडो सोडला. तो लागला. पेरिस्कोपमधून तिचे फोटो काढण्यात आले. जहाज मोडलेलं दिसत होतं. बुडवलं, असं ‘वाहू’ने कळवलं.

ती विनाशिका होती ‘हारुसामे’, शिरात्सुयू वर्गातली, म्हणजे ‘यामाकाझे’ची सख्खी बहीण. आणि ती बुडाली नव्हती. खलाशांनी तिला उथळ पाण्यात नेऊन टेकवलं, पुढे ओढत ट्रुक या जपानी तळावर नेलं, दुरुस्त केलं, आणि ती पुन्हा लढाईत उतरली. तिला अखेर बुडवलं ते जून 1944 मध्ये विमानांनी. एकाच वर्गाच्या दोन विनाशिका, दोन्ही पेरिस्कोपमधून टिपलेल्या, दोन्ही टॉर्पेडोने मोडलेल्या, आणि दोन्ही फोटो एकाच नौदलाच्या संग्रहात. फोटोखाली ओळ लिहिणाऱ्याची गल्लत झाली असेल तर ती इथूनच, असं मला वाटतं.

माझ्या मुद्द्याला याहून भक्कम आधार दुसरा नाही. ‘यामाकाझे’चा फोटो आणि ‘हारुसामे’चा फोटो शेजारी ठेवून कोणालाही विचारा, यातली कोणती बुडाली? चित्र पाहून उत्तर देता येणार नाही. छायाचित्र एक क्षण पकडतं. जहाज बुडणं ही मिनिटांची, कधी तासांची गोष्ट असते, आणि त्या वेळात आत कप्पे बंद करणारे, पंप चालवणारे हात काय करत आहेत हे बाहेरच्या भिंगाला दिसत नाही. एकीच्या बाबतीत ते हात यशस्वी झाले, दुसरीच्या बाबतीत नाही.

६. तेच भिंग, तीन आठवडे आधी

यावर एक समंजस आक्षेप येतो. फोटो अपुरा असेल, पण कप्तान प्रत्यक्ष पाहत होता ना? त्याच्या साक्षीवर विसंबावं. याचं उत्तर ‘नॉटिलस’च्याच इतिहासात आहे. 4 जून 1942 रोजी मिडवेच्या लढाईत कप्तान ब्रॉकमन यांनी एका जळत्या विमानवाहू जहाजावर टॉर्पेडो सोडले. टॉर्पेडो लागले, ज्वाळा उठल्या, असं पेरिस्कोपमधून पाहून त्यांनी कळवलं, आणि जपानी ‘सोर्यू’ बुडवल्याचं श्रेय ‘नॉटिलस’ला मिळालं. युद्धानंतर जपानी खलाशांच्या जबान्या आणि कागद समोर आले तेव्हा कळलं की ते जहाज ‘सोर्यू’ नव्हतंच. ते ‘कागा’ होतं. त्याला लागलेला एकमेव टॉर्पेडो फुटला नव्हता. तो आदळून दुभंगला, आणि त्याचा तरंगणारा हवेचा पिंप पाण्यात पडलेल्या जपानी खलाशांना धरायला उपयोगी पडला. ‘कागा’ला संपवलं ते आधी पडलेल्या बॉम्बनी आणि आगीने.

ब्रॉकमन यांच्यावर खोटेपणाचा आरोप करायचं कारण नाही. ते अनुभवी आणि धाडसी कप्तान होते. आधीच जळणाऱ्या जहाजावर मधूनच ज्वाळा उसळतात. त्यात आपला टॉर्पेडो पोचण्याचा क्षण जुळला की डोळा आणि मन मिळून गोष्ट पुरी करतात. शिवाय त्या महिन्यात अमेरिकी पाणबुड्यांचे कप्तान दुसऱ्याच बाजूने हैराण होते. टॉर्पेडो नीट सोडूनही ते फुटत नव्हते आणि दोष नेमाला दिला जात होता. 20 जून 1942 रोजी, म्हणजे ‘यामाकाझे’ बुडण्याच्या पाच दिवस आधी, अमेरिकी ॲडमिरल लॉकवुड यांच्या हुकमाने ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अल्बनीजवळ मासेमारीचं लांब जाळं पाण्यात सोडून त्यावर टॉर्पेडो मारण्यात आले. जाळ्याला पडलेली भोकं मोजली तर टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा सरासरी 11 फूट खोल जात होते, कित्येकदा जहाजाच्या तळाखालून निघून जात होते. शस्त्रखात्याने चूक मान्य केली ती ऑगस्टमध्ये. जाळ्याच्या भोकांनी जे सांगितलं ते कोणत्याही फोटोला सांगता आलं नसतं, कारण पेरिस्कोपचा कॅमेरा लागलेल्या टॉर्पेडोचाच फोटो काढतो. तळाखालून निघून गेलेल्याचा फोटो कशाचा काढणार? विजयाच्या फोटोंची चळत पाहून शस्त्र किती बरोबर चालतं हे ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

‘वाहू’ आणि ‘नॉटिलस’ यांच्या या दोन्ही चुकांचा हिशेब युद्धानंतर लागला. अमेरिकेने 1943 मध्येच लष्कर आणि नौदलाची एक संयुक्त मूल्यमापन समिती नेमली होती. तिचा अहवाल 1947 मध्ये आला. पाणबुड्यांनी युद्धकाळात मिळून सुमारे 1 कोटी टन जहाजं बुडवल्याचे दावे केले होते. जपानी नोंदींशी ताडून पाहिल्यावर टिकली ती सुमारे 53 लाख टन. जवळजवळ निम्मं गेलं. ‘वाहू’च्या खात्यातली ‘हारुसामे’ गेली, ‘नॉटिलस’च्या खात्यातली ‘सोर्यू’ गेली. ‘यामाकाझे’ राहिली. ती राहिली कारण तिच्या बाबतीत पाणबुडीची नोंद, शत्रूची नोंद आणि छायाचित्र तिन्ही एकमेकांना न विचारता एकाच जागी येऊन मिळतात.

७. आपल्याच जखमी जहाजाचे फोटो

इथवर शत्रूच्या जहाजाबद्दल बोललो. पण युद्धात मोडलेल्या विनाशिकांचे सर्वांत स्पष्ट फोटो मिळतात ते आपापल्या नौदलांनी आपल्याच जहाजांचे काढलेले. 17 ऑक्टोबर 1941 च्या मध्यरात्रीनंतर, अमेरिका अजून युद्धात उतरली नसताना, आइसलंडच्या दक्षिणेला एका काफिल्याचं रक्षण करताना ‘कर्नी’ या अमेरिकी विनाशिकेला जर्मन पाणबुडी यू-568 चा टॉर्पेडो लागला. 11 खलाशी मारले गेले. दोन दिवसांनी ती आइसलंडला पोचली. रेक्याविकमध्ये काढलेल्या फोटोत तिच्या उजव्या कुशीतलं भगदाड आणि फाटलेले पत्रे स्वच्छ दिसतात. उजेड भरपूर, पाणी शांत, कॅमेरा स्थिर. इथे फोटोचा पहिला उपयोग बातमीसाठी नव्हता, अभियंत्यासाठी होता. ‘कर्नी’च्या वर्गातल्या विनाशिकांत बॉयलरची खोली, इंजिनाची खोली, पुन्हा बॉयलरची, पुन्हा इंजिनाची अशी आळीपाळीने रचना होती. पुढची बॉयलरची खोली पाण्याने भरली तरी मागची जोडी चालू राहिली, आणि त्या बळावर जहाज घरी आलं. अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी खात्याने विनाशिकांच्या टॉर्पेडो-हानीचा जो मोठा अहवाल पुढे तयार केला, त्याची सुरुवातीची तारीख 17 ऑक्टोबर 1941 हीच आहे.

इतक्या स्पष्ट फोटोलाही पंचनामा लागतोच. ऑक्टोबर 1943 मध्ये सॉलोमन बेटांतल्या व्हेला लाव्हेलाच्या लढाईनंतर ‘सेल्फ्रिज’ आणि ‘ओबॅनन’ या दोन विनाशिका शेजारी-शेजारी उभ्या असताना फोटो काढला गेला. दोघींच्या नाळेचा चुराडा झालेला. पाहणारा म्हणेल, दोघींना टॉर्पेडो लागले. टॉर्पेडो लागला तो ‘सेल्फ्रिज’ला. ‘ओबॅनन’ मात्र पुढे चाललेल्या ‘शेव्हलिए’ या आपल्याच विनाशिकेवर आदळली होती, कारण टॉर्पेडो लागून ‘शेव्हलिए’ अचानक वाटेत अडली. त्या लढाईत जी बुडाली ती ‘शेव्हलिए’ या फोटोत नाही. असूही शकत नाही.

८. प्रचार, आणि ती दोन माणसं

शेवटचे दोन आक्षेप जड आहेत. पहिला असा की ही छायाचित्रं प्रचारासाठी वापरली गेली, तेव्हा त्यांना पुरावा म्हणणं भाबडेपणा आहे. वापरली गेली हे खरंच आहे. शत्रूची बुडती विनाशिका लोकांना दाखवायची आणि आपली बुडती विनाशिका झाकायची, हे सगळ्या सरकारांनी केलं. जपानने तर मिडवेतला पराभव स्वतःच्या जनतेपासून दडवला. पण कोणता फोटो छापायचा हा निर्णय आणि फिल्मवर काय उमटलं ही घटना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रचार निवड करतो, कापतो, खालची ओळ बदलतो. म्हणूनच तपासणी निवडीची, कापलेल्या कडांची आणि खालच्या ओळीची करायची असते. छपरावरच्या सूर्याचा कोन प्रचारखात्याला बदलता आलेला नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. पांढऱ्या कपड्यांतली ती दोन माणसं काही मिनिटांत मरणार होती. त्यांना मारणाऱ्या पाणबुडीने त्यांचा फोटो काढावा आणि आपण तो ऐंशी वर्षांनी न्याहाळावा, हे योग्य आहे का? हा प्रश्न टाळता येत नाही. अशा जहाजावर सव्वादोनशेच्या आसपास माणसं असत, आणि ‘यामाकाझे’वरचं कोणीही वाचलं नाही. आपल्या देशाच्या अनुभवाशी याची तुलना करून पाहावी. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या टॉर्पेडोने ‘आयएनएस खुकरी’ ही भारतीय फ्रिगेट बुडाली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. मुंबईहून निघालेल्या त्या जहाजाचा अंत काही मिनिटांत, अंधारात झाला. तिथे कॅमेऱ्याला वाव नव्हता. पण वाचलेले सहकारी होते. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत हे देशाला कळलं ते त्यांच्या तोंडून. ‘यामाकाझे’ला असं सांगणारं कोणी उरलं नाही. तिच्या शेवटच्या मिनिटांचा जपानी साक्षीदार नाही, जबानी नाही, पत्र नाही. त्या दोन माणसांनी धडपड केली, ही गोष्ट जगाला ठाऊक आहे ती शत्रूच्या निगेटिव्हमुळे. म्हणून मी हे छायाचित्र पाहणं अयोग्य मानत नाही. त्याखाली जहाजाचं नाव न घालता, नुसती ‘बुडती जपानी विनाशिका’ म्हणून ते छापणं मात्र मला अयोग्य वाटतं.

‘वाहू’च्या अंताचाही फोटो नाही. ऑक्टोबर 1943 मध्ये जपानच्या उत्तरेला ला पेरूज सामुद्रधुनीत ती सगळ्या खलाशांसह बुडाली. समुद्रतळावर तिचे अवशेष असल्याची खात्री झाली 2006 मध्ये.

वाचकांपैकी कोणी संपादक, शिक्षक किंवा प्रदर्शन मांडणारे असतील तर त्यांना एक विनंती आहे. हे छायाचित्र वापराल तेव्हा त्याखाली चार गोष्टी जरूर लिहा: विनाशिका ‘यामाकाझे’, 25 जून 1942, पाणबुडी ‘नॉटिलस’, जहाजावरचं कोणीही वाचलं नाही. आणि ‘वाहू किंवा’ हे दोन शब्द काढून टाका.